सूर्यफूल ओळखायचं तर फुलाखाली बघा

गणपतीच्या आदल्या आठवड्यात आई लातूरहून आमच्याकडे आली होती. आम्ही शिकागोच्या पश्चिमेला राहतो. घरापासून थोड्या अंतरावर इलिनॉय प्रेअरी पाथ नावाची पायवाट आहे. विजेवर चालणारी जुनी रेल्वे बंद पडल्यावर तिची जी लांबलचक पट्टी मोकळी राहिली, ती चालणाऱ्यांसाठी राखून ठेवा, असं पत्र मे थीलगार्ड वॉट्स या निसर्गअभ्यासक बाईंनी १९६३ साली वर्तमानपत्राला लिहिलं आणि त्यातून ही वाट उभी राहिली. ऑगस्ट संपता संपता तिच्या दोन्ही कडा पिवळ्याधमक होतात.

आई एका ताटव्यापाशी थांबली. एक फूल हातात धरून म्हणाली, "हे कसलं गं सूर्यफूल? एका झाडाला पन्नास तोंडं! आपल्या रानात एका ताटाला एकच परातीएवढं फूल यायचं."

मी म्हटलं, "हे रानटी आहे. पेरावं लागत नाही, मुळं जिवंत राहतात आणि दर वर्षी त्याच जागी उगवतं."

"आणि ते पलीकडचं?"

"तेही रानटी सूर्यफूलच. पण वेगळ्या जातीचं."

"वेगळं कशावरून? मला तर दोन्ही सारखीच दिसतात."

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर उभ्या उभ्या दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हा लेख.

आपण शेतात घेतो ते सूर्यफूल वर्षायू आहे. पेरलं, फुललं, बी भरलं की झाड वाळतं. भारतात तेलबियांचं पीक म्हणून ते १९६९ मध्ये सोव्हिएत रशियातून आलं आणि पुढे मराठवाड्यात चांगलं रुजलं. पण त्याचं मूळ घर रशिया नव्हे, उत्तर अमेरिका. हेलिअँथस ही त्याची प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट. त्यात सुमारे पन्नास जाती आहेत आणि सगळ्या मूळच्या याच खंडातल्या. त्यातल्या चौदाएक वर्षायू आहेत, बाकीच्या बहुवर्षायू. हिवाळ्यात जमिनीवरचा भाग मरतो, मुळं बर्फाखाली तग धरतात आणि वसंतात पुन्हा कोंब फुटतो. या लेखात बोलायचं आहे ते या बहुवर्षायू जातींबद्दल, त्यातही इलिनॉय आणि आसपासच्या राज्यांत भेटणाऱ्यांबद्दल. कारण मी रोज बघते ती हीच.

या जातींनी जाणकारांनाही दमवलं आहे. झाडांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये यांतल्या बऱ्याच जातींना नावं दिली. १९२९ साली वॉटसन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने सगळ्या नोंदी एकत्र करून १०८ जाती मान्य केल्या. त्यात थोड्या दक्षिण अमेरिकेतल्याही होत्या. पुढे इंडियाना विद्यापीठात चार्ल्स हायझर यांनी ही झाडं नुसती वाळवून कागदावर चिकटवली नाहीत, तर शेजारी शेजारी लावली, त्यांचे एकमेकांशी संकर केले, पेशीतली गुणसूत्रं मोजली. १९६९ मध्ये त्यांचा ग्रंथ आला तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या जाती पन्नासवर आल्या होत्या. मधल्या चाळीस वर्षांत झाडं काही नाहीशी झाली नव्हती. एकाच जातीच्या सावलीत वाढलेल्या, उन्हात वाढलेल्या किंवा संकरातून आलेल्या झाडांना आधी वेगवेगळी नावं मिळाली होती, एवढंच.

आता ओळखीकडे. पहिला प्रश्न असा की समोरचं पिवळं फूल मुळात सूर्यफूल आहे का? प्रेअरीवर, म्हणजे इथल्या गवताळ माळांवर, पिवळ्या फुलांची गर्दी असते. सह्याद्रीत सप्टेंबरमध्ये सोनकी फुलते तेव्हा नवख्या माणसाला सगळंच पिवळं म्हणजे सोनकी वाटतं, तसंच इथेही होतं. सिल्फियम आणि हेलिऑप्सिस या दोन प्रजाती सूर्यफुलासारख्या इतक्या दिसतात की पहिले दोन हंगाम मी त्यांना सूर्यफूलच समजत होते.

फरक कळायला फुलाची रचना ठाऊक हवी. आपण ज्याला एक सूर्यफूल म्हणतो तो शेकडो बारीक फुलांचा गुच्छ असतो. मधली चकती इवल्या नळीसारख्या फुलांनी भरलेली असते आणि कडेची प्रत्येक 'पाकळी' हेही एक स्वतंत्र फूल असतं. खऱ्या सूर्यफुलात कडेची ही फुलं वांझ असतात. त्यांचं काम कीटकांना लांबून बोलावणं, तेवढंच. बी धरतं ते मधल्या चकतीत. आईला हे सांगावं लागलं नाही. मळणी केलेल्या माणसाला माहीत असतंच की दाणे चकतीत असतात, पाकळीखाली काही नसतं.

सिल्फियममध्ये याच्या बरोबर उलट. बी कडेच्या पाकळ्यांखाली धरतं आणि मधली फुलं फक्त पराग देतात. हेलिऑप्सिसमध्ये दोन्हीकडे बी धरतं. म्हणून एक पाकळी हळूच ओढून काढा आणि तिचं बूड बघा. तिथे सापाच्या जिभेसारखा दुभंगलेला बारीक धागा दिसला तर ते सूर्यफूल नाही. बूड रिकामं असेल तर पुढे जायला हरकत नाही. भिंग असलं तर बरं, नसलं तरी डोळ्यांना दिसतं. हेलिऑप्सिसची आणखी एक खूण आहे: त्याच्या पाकळ्या झडत नाहीत, फुलावरच वाळून कागदासारख्या होतात. शिवाय ते जूनपासूनच फुलायला लागतं.

ही खात्री झाली की फूल सोडून द्या.

हे मी जोर देऊन सांगते, कारण सगळ्यांची नजर आणि सगळ्यांचा कॅमेरा फुलावरच जातो. बहुवर्षायू सूर्यफुलांत फूल फार थोडं सांगतं. पिवळ्या पाकळ्या दहा ते वीसच्या दरम्यान, चकती पिवळी, रुंदी दोन-तीन इंच. एवढं वर्णन निम्म्या जातींना लागू पडतं. हेलिअँथस डेकापेटॅलस हे नावच बघा. त्याचा अर्थ दहा पाकळ्यांचं. आणि त्याला आठही असतात, बाराही असतात. खरी ओळख फुलाखाली आहे: खोडाच्या कातडीत, पानाच्या देठात, पानं खोडाला कशी लागली आहेत त्यात, आणि फुलाच्या पाठीमागे हिरव्या बारीक पानांची जी वाटी असते तिच्यात. या बारीक पानांना छदं म्हणतात.

पहिलं काम म्हणजे खोडावरून अंगठा फिरवणं. मात्र जागा नीट निवडा. फुलांच्या अगदी जवळच्या फांद्या जवळजवळ सगळ्याच जातींत लवदार असतात, त्यावरून फसायला होतं. झाडाच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, हात लावा. खोड गुळगुळीत आहे की खरखरीत? याच उंचीवर पानं समोरासमोर जोडीने आहेत की एकाआड एक? इथेही मध्यच बघायचा. बऱ्याच जातींत बुडाशी पानं समोरासमोर असतात आणि शेंड्याकडे जाता जाता एकाआड एक होतात.

वाटेवर आईने ज्याला हात लावला ते दातेरी सूर्यफूल होतं. इंग्रजीत सॉटूथ, शास्त्रीय नाव हेलिअँथस ग्रॉसेसेरेटस. डोक्याच्या वर जाणारं, कधी दहा-बारा फुटी. मी तिला म्हटलं, खोडावर अंगठा घास. घासला तर काळ्या द्राक्षावरची पांढुरकी धूळ पुसली जावी तशी एक पुटी निघाली आणि खाली चकचकीत, तांबूस खोड दिसलं. ही पुटी म्हणजे मेणाचा पातळ थर. गुळगुळीत खोड, त्यावर मेण, मध्यापासून वर पानं एकाआड एक, पान लांब भाल्यासारखं, देठ स्पष्ट आणि पानाची पाठ बारीक लवेने पांढुरकी. हे सगळं एकत्र जुळलं की दातेरी सूर्यफुलाबद्दल फारशी शंका उरत नाही. गंमत म्हणजे ज्या दात्यांवरून नाव पडलं ते प्रत्येक झाडावर ठळक असतीलच असं नाही. काही झाडांची पानं जवळजवळ सपाट कडेची असतात. नावावर विसंबू नका, खोडावर विसंबा. ही जात ओलसर प्रेअरीत, रस्त्याकडेच्या चरांत, शेताच्या बांधांवर सर्रास दिसते.

तिच्यासारखीच उंच आणि ओल्या जागी वाढणारी दुसरी जात म्हणजे हेलिअँथस जायगॅन्टियस. नावाने राक्षस, पण उंचीत दातेरी तिला सहज गाठतं. ओळखायची ती अंगठ्यानेच. हिचं खोडही तांबूस, पण ताठ केसांनी खरखरीत असतं आणि पानाला देठ नसल्यातच जमा. लांबून दोघी जुळ्या बहिणी वाटतात, हात लावला की दोन सेकंदांत निराळ्या होतात.

तिसरी मॅक्सिमिलियन. १८३२ ते १८३४ या काळात उत्तर अमेरिकेच्या आतल्या भागात हिंडलेल्या जर्मन राजपुत्राच्या नावावरून हिचं नाव पडलं. हिचं पान मला सगळ्यांत देखणं वाटतं. मधल्या शिरेवर ते लांबीला दुमडून पन्हळीसारखं होतं आणि टोकाकडे विळ्यासारखं खाली वाकतं. रंग राखाडी हिरवा, स्पर्श खरखरीत. फुलंसुद्धा शेंड्याला झुबक्याने न येता खोडाच्या वरच्या भागात पानांच्या बेचक्यांतून ओळीने येतात, त्यामुळे झाड निशिगंधाच्या दांड्यासारखं दिसतं. मूळची ही पश्चिमेकडच्या कोरड्या मैदानांची, इलिनॉयमध्ये बरीचशी बाहेरून आलेली.

ही झाली उघड्यावरची उंच मंडळी. खरी परीक्षा झाडीत शिरल्यावर. ओक वृक्षांच्या विरळ सावलीत चार जाती शेजारी शेजारी नांदतात आणि तिथे मीही अजून अडखळते. चौघींचीही पानं बहुतेक समोरासमोर, तुळशीसारखी जोडीजोडीने. मग बघायचं काय? देठ.

हेलिअँथस डायव्हेरिकेटसला देठ जवळजवळ नसतोच. पान खोडाला थेट चिकटलेलं, बुडाशी गोल आणि तिथेच सर्वांत रुंद. जोडीतली दोन पानं हात पसरल्यासारखी सरळ रेषेत आडवी असतात. पानाच्या बुडापासून तीन ठळक शिरा निघतात. तमालपत्र उलटून पाहिलं असेल तर तीन शिरा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. खोड गुळगुळीत.

हेलिअँथस हिर्सूटस तिच्यासारखीच, फक्त खोड ताठ केसांचं आणि पानाला छोटासा देठ.

हेलिअँथस स्ट्रुमोससला देठ जरा लांब, खोड मात्र गुळगुळीत. पानाची पाठ फिकट, वरची बाजू खरखरीत.

आणि डेकापेटॅलस, तीच दहा पाकळ्यांच्या नावाची. तिचं पान या चौघींत सर्वांत पातळ, इतकं की उन्हाकडे धरलं तर शिरांचं जाळं दिसतं. कडा ठळक दातेरी, देठ चांगला लांब. ती नदीकाठच्या गार, ओल्या सावलीत राहते. हिच्याबाबतीत फूल उलटं करून बघाच. छदं लांब, सैल, बाहेर पसरलेली असतात आणि चकतीच्या कडेबाहेर डोकावतात.

कागदावर हे सरळ दिसतं. रानात एका झाडाचा देठ अर्धा सेंटिमीटर, शेजारच्याचा एक, पलीकडचा दीड, आणि खोडावर केस आहेत म्हणावेत तर विरळ. त्याचं कारण पुढे येतंच.

त्याआधी सोप्या तीन. यांना ओळखायला कुणाची मदत लागू नये. हेलिअँथस मॉलिस बघितलं की मला गावाकडची रुईच आठवते. पानं समोरासमोर, बिनदेठाची, बुडाशी बदामासारखी दुभागून खोडाला कवेत घेणारी, आणि सगळं झाड पांढुरक्या मऊ लवेने माखलेलं. फक्त तोडल्यावर चीक येत नाही. हेलिअँथस ऑक्सिडेंटॅलिस, म्हणजे वेस्टर्न सनफ्लॉवर, याची जवळपास सगळी पानं जमिनीलगत असतात, वरती नुसती काठी आणि टोकाला थोडी फुलं. कोरड्या, वाळूमिश्रित जागा त्याला आवडतात आणि उंची दोन-चार फूट. तिसरं हेलिअँथस पॉसिफ्लोरस. पानं ताठ, खरखरीत, पारिजातकाच्या पानासारखी. याच्या चकतीचा रंग लालसर जांभळा असतो, आणि एवढ्या एकाच ठिकाणी फुलाचा रंग खरोखर उपयोगी पडतो. तरी सावध राहा. पिवळ्या चकतीच्या जातींतही परागकोश काळपट असतात, त्यामुळे लांबून चकती गडद भासते. जवळ जाऊन इवल्या नळीफुलांच्या टोकाच्या पाकळ्या पिवळ्या आहेत की लालसर ते बघायचं. शिवाय याची छदं आखूड, बोथट आणि माशाच्या खवल्यांसारखी घट्ट चिकटलेली असतात. डेकापेटॅलसच्या सैल छदांशेजारी ठेवून बघितलं तर एकदाच पाहून आयुष्यभर लक्षात राहतं.

आता राहिली ती सगळ्यांत प्रसिद्ध जात, हेलिअँथस ट्यूबरोसस. बाजारात हिच्या कंदाला जेरुसलेम आर्टिचोक म्हणतात. जेरुसलेमशी तिचा संबंध नाही आणि ती आर्टिचोकही नाही. सूर्यफुलाला इटालियनमध्ये गिरासोले म्हणतात, त्याचा अपभ्रंश होत जेरुसलेम झालं असावं, असं बरेच जण मानतात. युरोपियन लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून इथले मूळ रहिवासी हे कंद लावत आणि खात होते. फ्रेंच दर्यावर्दी शाम्प्लँ याने १६०५ मध्ये केप कॉडच्या किनाऱ्यावर त्यांच्या बागांत ते पाहिले आणि चव आर्टिचोकसारखी लागते असं लिहून ठेवलं. कंद दिसायला आल्यासारखा गाठीगाठींचा, चावायला कच्च्या बटाट्यासारखा करकरीत, चवीला गोडसर. त्यात बटाट्यातल्यासारख्या पिष्टाऐवजी इन्युलिन नावाचं कर्बोदक साठवलेलं असतं आणि ते आपल्याला नीट पचत नाही, म्हणून पहिल्यांदा खाताना थोडंच खावं.

झाडावरून ओळखायचं तर हिचं पान बहुवर्षायू सूर्यफुलांत चांगलंच रुंद, बुडाशी समोरासमोर आणि वरती एकाआड एक. तीन शिरा स्पष्ट. खोड खरखरीत. पानाचं पातं देठावर अरुंद पट्टीसारखं उतरत येतं, पपनसाच्या पानाच्या देठाला पंख असतात त्याची आठवण व्हावी असं. आणि शंका उरलीच तर शरद ऋतूत मुळाशी बघायचं, अर्थात स्वतःच्या अंगणात. राखीव प्रेअरीत खणणं म्हणजे मोठा गुन्हा आहे असंच मी मानते. इलिनॉयमध्ये मूळच्या प्रेअरीतली चांगल्या अवस्थेतली जमीन दर दहा हजार एकरांमागे जेमतेम एक एकर उरली आहे.

या कंदवाल्या जातीच्या जन्माची कथा समजली की वरचा देठांचा गोंधळही समजतो. सूर्यफुलांत गुणसूत्रं सतराच्या पटीत येतात. शेतातल्या सूर्यफुलाच्या पेशीत ३४, म्हणजे सतराच्या दोन प्रती. दातेरी सूर्यफुलातही ३४. हिर्सूटसमध्ये चार प्रती, ६८. आणि ट्यूबरोससमध्ये सहा प्रती, १०२. हे १०२ आले कुठून, यावर बरीच वर्षं तर्क चालू होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं की केसाळ हिर्सूटस आणि दातेरी ग्रॉसेसेरेटस यांच्या संकरातून ही जात घडली. हिशेब मांडून बघा. परागकण आणि बीजांड यांत निम्मी गुणसूत्रं जातात. हिर्सूटसकडून ३४, दातेरीकडून १७, एकूण ५१. ही संख्या दुप्पट झाली की १०२. म्हणजे कोरड्या रानातली एक आणि ओल्या चरातली एक अशा दोन जाती कुठेतरी भेटल्या, आणि त्यांच्या लेकीने जमिनीखाली कंद भरायला सुरुवात केली.

असे संकर अजूनही होतात. यातल्या बहुतेक जातींना स्वतःच्या परागाने बी धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतोच. आणि झाड पसरतं ते आल्या-हळदीसारखं, जमिनीखालच्या आडव्या खोडांनी. म्हणून खोलीएवढा दिसणारा ताटवा बरेचदा एकच झाड असतं. त्याला आपल्या जातीचा सोबती जवळपास नसला तर मधमाशी शेजारच्या जातीचा पराग आणून टाकते. त्यातून जो संकर उगवतो त्याला बी कमी धरलं तरी बिघडत नाही, कारण आडव्या खोडांवर तो पिढ्यान्‌पिढ्या पसरत राहतो. पॉसिफ्लोरस आणि ट्यूबरोसस यांचा संकर इतका सर्रास दिसतो की त्याला लेटिफ्लोरस असं स्वतंत्र नावच आहे. दातेरी आणि मॅक्सिमिलियन यांच्या संकराला इंटरमीडियस म्हणतात, दातेरी आणि जायगॅन्टियसच्या संकराला लक्झुरिअन्स. रस्त्याकडेला दुमडलेलं पान आणि गुळगुळीत खोड एकाच झाडावर दिसलं तर तुमचे डोळे चुकलेले नाहीत. दोघांचंही थोडं थोडं त्यात आलं आहे.

म्हणून प्रत्येक झाडाला नाव चिकटवण्याचा हट्ट धरू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. माझ्या वहीत एका ताटव्यापुढे गेली चार वर्षं 'स्ट्रुमोसस किंवा हिर्सूटस, देठ मधले' एवढंच लिहिलं आहे आणि मला ती नोंद प्रामाणिक वाटते.

पण जिथे नाव लावता येतं तिथे ते बरोबरच लागलं पाहिजे. प्रेअरी नव्याने उभी करणारे लोक दर वर्षी रानातून बी गोळा करतात. कोरड्या माळासाठी बुटक्या ऑक्सिडेंटॅलिसच्या नावाने दातेरीचं बी गेलं तर काही वर्षांत ते बाकीच्या नाजूक रोपांना झाकून टाकतं. आणि दुसरं कारण थेट आमच्या लातूरपर्यंत पोचतं. सूर्यफुलावरचा केवडा रोग भारतात पहिल्यांदा नोंदला गेला तो १९८४ मध्ये, लातूर भागात. अशा रोगांना तोंड देण्याची ताकद शेतातल्या वाणांत अनेकदा नसते, रानटी नातेवाइकांत सापडते. रशियात क्रास्नोदारच्या पैदासकारांनी कंदवाल्या ट्यूबरोससशी संकर करून रोगप्रतिकारक वाण काढले. आयोवातल्या एम्स इथे अमेरिकी सरकारचं बियाणं-भांडार आहे, तिथे रानटी सूर्यफुलांचं बी जपून ठेवलं जातं आणि पैदासकार ते मागवतात. पिशवीवरचं नाव चुकीचं असेल तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या झाडावर खर्च होते.

तुम्ही परदेशात असाल आणि ऑगस्ट-सप्टेंबरात अशा फुलांपुढे उभे राहिलात तर एका फोटोवर थांबू नका. फुलाचा समोरून एक, पाठीमागून एक. मध्यावरच्या खोडाचा जवळून एक, त्यात पान जिथे खोडाला लागतं ती जागा दिसली पाहिजे. पानाची वरची बाजू, पानाची पाठ. आणि दोन पावलं मागे येऊन सगळ्या झाडाचा. जागा ओली की कोरडी, ऊन की सावली, हेही टिपून ठेवा. पाहणारा जाणकार असला तरी नुसत्या फुलाच्या फोटोवरून तो बिचारा काय सांगणार?

हे मला कळायला स्वतःच्या अंगणातलं एक झाड कारणी लागलं. दोन वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून मी वेस्टर्न सनफ्लॉवरची तीन रोपं आणली होती. चिठ्ठीवर तेच नाव. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, कमरेएवढी राहतील म्हणून लावली. त्या उन्हाळ्यात ती खिडकीच्या वर गेली. मी फुलांचे फोटो काढून पुस्तकाशी ताडत बसले, पाकळ्या मोजल्या, चकतीचा रंग पाहिला आणि काहीच ठरेना. चिठ्ठी खरी मानून मी स्वतःची समजूत घालत राहिले, की माती जास्त कसदार असेल.

प्रेअरी पाथवरून परत आलो त्या संध्याकाळी आई अंगणात गेली. फुलांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. सरळ खोडावर अंगठा घासला, माझ्यासमोर धरला. अंगठा पांढरा झाला होता. मग एक पान उलटं केलं, देठ बघितला.

"हे तर ते वाटेवरचंच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी ती तिन्ही खणून काढली. पेन्सिलीएवढी जाड, पांढरी आडवी खोडं कुंपणाखालून शेजारच्या हिरवळीत तीन फूट आत गेली होती, आणि प्रत्येकाच्या टोकाला पुढच्या वर्षीचा तांबूस कोंब तयार होता.